साक्ष कोणाले पाहिजे

गुणाबाईला बोलता येतं हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. ढिवराच्या घरी जन्मली, ढिवराच्याच घरी दिली. बाजारात मासोळी विकताना चार शब्द बोलायची, एरवी घरात मुकी. पण अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात चांद्याच्या एका सभेत तिला मंचाच्या तक्तपोसावर उभं केलं, आणि ती बोलली तेव्हा समोरचे पुरुषसुद्धा रडले. त्यानंतर दहा वर्षं ती पुन्हा बोलू पाहत होती. त्याच दिवसाबद्दल, त्याच माणसांबद्दल. तेव्हा मात्र तिचं बोलणं कोणालाच नको होतं.

तिचं गाव चिंचघाट. घुग्घुसपासून वर्धा नदीच्या अंगानं खाली आलं की पलीकडच्या थडीला लागायचं. त्या काळी ती थड निजामाची होती. लोक म्हणत मोगलाई. घुग्घुसची थड हिंद सरकारची. घाटावर निजाम सरकारचा करोडगिरी नाका होता, म्हणजे जकातीची चौकी. गुणाबाईचा नवरा इसरू तिथं डोंगा चालवायचा. सकाळी जाळं टाकायचं, दिवसभर माणसं इकडून तिकडं न्यायची. घरात इसरूचा म्हातारा बाप देवाजी, धाकटा भाऊ दसरू आणि सातेक वर्षांची पोरगी कमळा.

त्या वर्षी मोगलाईत रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. त्यांना बंदुका कोण देतं, गाड्या कोण देतं, हे विचारायची गरज नव्हती. ज्या ठाण्यात फिर्याद द्यायची तिथंच ते खाटेवर बसलेले असत. गावातल्या दोन-तीन मुसलमान घरांतल्या पुरुषांना त्यांनी धरून खाकी कपडे घालायला लावले होते. त्यात मदार पिंजारीही होता. कापूस पिंजून गाद्या भरणारा, चाळिशीचा, खोकणारा माणूस. खाकी सदरा त्याच्या अंगावर बुजगावण्यासारखा लोंबायचा.

घुग्घुसच्या थडीलाही स्वस्थता नव्हती. तिथं छावणी होती. मोगलाईतून पळून गेलेली पोरं तिथं कवायत करत. दसरूही त्यांच्यात जाऊन मिळाला होता. एका पहाटे ती पोरं आली, नाक्यावर रॉकेल ओतून त्यांनी तो पेटवला आणि इसरूच्याच डोंग्यातून परत गेली. इसरूवर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

"देशाचं काम हाये," एवढंच तो बायकोला म्हणाला.

आठवडा गेला नसेल. टोळी आली ती दिवसाढवळ्या, बायका काठावर जाळी वाळवत असताना. गावच्या राजेश्वरराव देशमुखांच्या वाड्यावर त्यांचं जेवण झालं. देशमुखांचा कारभारी त्यांच्यापुढं चालत आला आणि त्यानं ढिवरवाडा दाखवला. इसरूला त्यांनी डोंग्याजवळ गोळी घातली. मग घरं पेटवली.

गुणाबाई कमळाला घेऊन धावत सुटली. कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. वाटेत खाकीतला एक माणूस आडवा आला. तिनं किंकाळी फोडली तेव्हा त्यानं तिचं तोंड दाबलं.

"गुणाबाई, मी हाय. मदार. चाल लवकर."

त्यानं दोघींना आपल्या घरात नेलं आणि पिंजलेल्या रुईच्या ढिगात दडवलं. "पोरीच्या तोंडावर पदर धर," तो म्हणाला. "रुईनं ठसका येते." त्याची बायको बिबन ढिगाला टेकून बसली. बाहेर माणसं हिंडत होती, दारं ठोकत होती. मदारनं पिंजण उचललं आणि तो कापूस पिंजू लागला. गाव जळत होतं आणि तो पिंजणाची तात टणटण वाजवत होता, पोरगी खोकली तर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. एकानं आत डोकावून विचारलं, "ये क्या चल रहा है?" मदार म्हणाला, "गादी का काम है साहब, देशमुख के घर की." तो माणूस हसून गेला.

दिवस मावळताना मदारनं त्यांना उथळ पाण्याच्या उतारावरून पलीकडं पोचवलं. मधल्या रेतीच्या बेटावर देवाजी सापडला. मदार तिथूनच मागं वळला.

घुग्घुसजवळच्या छावणीत इंदुताई नावाची नागपूरची बाई होती. पंचविशीची, खादीची साडी, जिवाला जीव देणारी. तिनं गुणाबाईला जवळ बसवून सगळं विचारलं. गुणाबाईनं सगळं सांगितलं. नाका, देशमुख, इसरू, मदार, रुई. इंदुताई ऐकताना रडली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गुणाबाई, हे चांद्याच्या सभेत सांगाल? दिल्लीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. सरकार अजून फौज पाठवायला तयार नाही."

"सांगीन."

"फक्त त्या पिंजाऱ्याचं सांगू नका. तो चांगला माणूस आहे, मला कळतं. पण सभेतली माणसं गोंधळतात. एकदा फौज आली की मग सगळंच सांगता येईल."

गुणाबाईला ते पटलं. सभेत तिनं मदारचं नाव घेतलं नाही. बाकी सगळं सांगितलं आणि शेवटी, कोणी न शिकवता, तिच्या तोंडून निघालं, "कुत्रं आमाले चावलं. पण कुत्र्याले भाकर कोण टाकते? त्याची साखळी कोणं सोडली? कुत्र्याले मारून का होते? धन्याले धरा!"

मैदान उठून उभं राहिलं. लोक ओरडत होते, फौज पाठवा, फौज पाठवा. त्यानंतर इंदुताईनं तिला आणखी गावोगाव नेलं. वरोऱ्याला, भांदकला. प्रत्येक ठिकाणी ती तेच बोलली, आणि तिचा त्यावर विश्वास होता. ज्या सरकारनं आपल्याच रयतेवर मारेकरी सोडले त्या सरकारवर चालून जायचं नाही तर फौजा पाळायच्या कशाला?

एका सभेहून परत येताना बैलगाडीत सासरा देवाजी बैलांच्या पाठीकडं पाहत होता. मग म्हणाला, "गुणे, एक विचारू? नाका जाळाले रॉकेल कोणं देल्लं?"

"का म्हणता मामाजी?"

"इथल्या छावणीनं देल्लं. छावणीले कोणाची आडकाठी नाई, पोलीस पाहून न पाह्यल्यासारखे करते. मंग त्या पोराईची साखळी कोणाच्या हातात होती?"

"त्याईनं कोणाचं घर नाई जाळलं. कोणाच्या बाईचा नवरा नाई मारला. दोन्ही बराबर करता का तुमी? तुमचा पोरगा मेला न, मामाजी!"

"म्हून तं विचारून राह्यलो," म्हातारा म्हणाला. "दोन सांड भिडले तं धुऱ्यावरच्या कपाशीच्या पराटीचं का होते, पाह्यलं नाई का तुनं? सांड मंग आपापल्या गोठ्यात जाते."

"तं का करावं? रोज जळावं का आपून?"

देवाजीनं मान हलवली. "ते मले नाई समजत. जळावं असंबी नाई म्हणत मी." गुणाबाईनं त्याच्याशी कित्येक दिवस बोलणं टाकलं.

भादव्यात फौज मोगलाईत शिरली. आठवडाही लागला नाही, निजामानं हात टेकले. छावणीत गूळ वाटला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, त्यात गुणाबाईही होती. चिंचघाटला मात्र एकही शिपाई उतरला नव्हता. जुना अंमल उठून गेला होता आणि नवा अजून आला नव्हता. नदी भरून वाहत होती, डोंगे थोडे होते. पहिल्या खेपेत छावणीची पोरं निघाली. दसरू त्यांच्यात होता.

"दसरू," गुणाबाई काठावरून म्हणाली, "मदारभाऊले सांग, आमी येऊन राह्यलो म्हून."

दसरूनं ऐकलं. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिला डोंगा मिळाला. घाटावर पाय ठेवला तेव्हा देशमुखांच्या वाड्यावर तिरंगा होता आणि देशमुखांच्या डोक्यावर पांढरी टोपी. ते पोरांना पेढे देत होते. मदारच्या घराचं दार उघडं होतं. अंगणात रुई पसरलेली, पावसानं चिखलात बसलेली. आत कोणी नव्हतं.

दसरू समोरून आला. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा उजळलेला.

"वैनी, भावाचा बदला घेतला."

"कसा घेतला? कोणाले मारलं?"

"पिंजाऱ्याले. विहिरीत टाकला. बायको पोरीईले घेऊन पळाली."

गुणाबाई खाली बसली. "दसरू, तुले सांगतलं होतं न मी? त्यानं मले रुईत लपवलं. तुह्या पुतणीले वाचवलं त्यानं."

"मंग इसरूभाऊले काऊन नाई लपवलं?" दसरू ओरडला. "वर्दी त्याचीच होती न? त्याच वर्दीनं भावाले मारलं. वर्दीले का चेहरा असते, वैनी?"

 तिला तेव्हा रडूही आलं नाही.

पन्नास साल उजाडलं. राजुऱ्याला, तालुक्याच्या ठाण्यात, नवा जमादार आल्याचं कळलं तेव्हा गुणाबाई देवाजीला घेऊन पायी तिकडं गेली. जमादारानं त्यांना बसायला सतरंजी दिली. हुतात्म्याची विधवा म्हणून त्याला तिचं नाव ठाऊक होतं. तो आदरानं बोलत होता. तिनं मदारचं सांगायला सुरुवात केली तसा त्याचा आवाज बदलला.

"बाई, तो रझाकार होता. खाकीत फिरायचा."

"खाकी घालूनच त्यानं मले वाचवलं. खाकी नसती तं त्यालेबी मारलं असतं अन् मलेबी."

"असंल. पण त्या दिवसांत असं गावोगाव झालं. वरून सांगणं आहे, आता जुनं उकरायचं नाही." मग त्यानं विचारलं, "बरं, मारलं कोणी? नाव सांगता?"

 रोज एकाच चुलीवर गुणाबाई दसरूची भाकर थापत होती. नाव ओठावर येऊन परत जात होतं. तेव्हा शेजारी बसलेला देवाजी म्हणाला,

"माह्या पोरानं मारलं. दसरूनं. मी बाप हाव, मी सांगून राह्यलो."

जमादारानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. स्वतःच्या हातात त्यानं काठी धरली होती, लेखणी नाही; त्याला काही लिहायचं नव्हतंच. "बाबा," तो हळूच म्हणाला, "एक पोरगा गेला, आता दुसराबी घालवता का? घरी जा."

ती गोष्ट चिंचघाटला त्यांच्या आधी पोचली. दसरूनं बापाचं आणि वहिनीचं सामान बाहेर काढलं. ढिवरांच्या पंचांनी ठरवलं की जातवाल्याला फाशी द्यायला निघालेल्यांना तलावाच्या मासोळीत वाटा नाही. गावाच्या टोकाला पळसाच्या पानांची झोपडी घालून कमळासह ते तिघं राहिले. देवाजी फाटकं जाळं विणत बसे. कधी म्हणे, "पोराचं नाव घेतलं मी, गुणे. फुकटच घेतलं." त्याच हिवाळ्यात तो गेला. दसरू खांदा द्यायला आला, बोलला नाही.

त्याच सुमारास बातमी आली की हैद्राबादचा निजाम आता राजप्रमुख झाला आहे. बाजारात कोणीतरी वाचून दाखवलं. गुणाबाईनं राजप्रमुख म्हणजे काय ते विचारलं. "राज्याचा सगळ्यात मोठा," वाचणारा म्हणाला. "शपथ घेतली त्यानं." ती पाटीतल्या मासोळ्यांवर पाणी शिंपडत राहिली.

मग निवडणूक आली. राजेश्वरराव देशमुख उभे राहिले. एक दिवस झोपडीपुढं जीप थांबली आणि इंदुताई उतरली. तिनं गुणाबाईला मिठी मारली, दोघीही रडल्या.

"उद्या सभा आहे," इंदुताई म्हणाली. "तुम्ही बोलायला हवं. लोक अजून तुमची आठवण काढतात."

"कोणासाठी बोलू, ताई? या देशमुखासाठी?"

"पक्षासाठी. तो माणूस कसा आहे ते मला माहीत आहे. पण दुसरा कोणी निवडून येणारा नाही इथं."

गुणाबाई गेली. तक्तपोसावर चढली. समोर पुष्कळ लोक होते, मागं खुर्चीत देशमुख हार घालून बसले होते. तिनं इसरूचं सांगितलं तोवर सगळे शांत होते. मग ती म्हणाली, "मदार पिंजाऱ्यानं मले वाचवलं, त्याले आपल्याच लोकाईनं मारलं. अन् ज्याच्या वाड्यावर मारेकरी जेवले तो..." आणि तिनं मागं वळून बोट दाखवलं.

कर्णा बंद पडला. कोणीतरी बाजा वाजवायला सांगितला. देशमुख रागावले नाहीत. ते उठले, तिच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं. घरी नेऊन सोडा." ते निवडून आले.

जीपशेजारी गुणाबाईनं इंदुताईचा हात धरला. "ताई, त्या वर्षी तुमीच म्हणत होत्या न, माह्या बोलण्यानं दिल्ली हालली म्हून? माह्या बोलण्यानं एवढी मोठी लढाई झाली, तं आता एका माणसाचा न्याव होत नाई का?"

इंदुताईनं हात सोडवून घेतला. मग ती म्हणाली, "लढाई तुमच्या बोलण्यानं नव्हती झाली, गुणाबाई. ती होणारच होती."

जीप गेली. इंदुताई पुन्हा चिंचघाटला आली नाही.

गावात कोणी मासोळी घेईना, म्हणून गुणाबाई नदी ओलांडून घुग्घुसच्या बाजारात बसू लागली. तिथं कोळशाच्या खाणीवरच्या बाया येत. छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्यांच्यात एक चेहरा तिनं ओळखला. कोळशानं काळा पडलेला, गालफडं बसलेली. बिबन.

"बिबन!" ती पाटी टाकून धावली. "कुठी होती वो? किती शोधलं तुले. मी ठाण्यात गेल्ती, मी सभेत सांगतलं..."

बिबननं तिला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "सभेत तं तू पयलेबी सांगत होती. आमी गावातच होतो तवा. पलीकडून येणाऱ्या बाया सांगे, गुणाबाई चांद्याले बोलली, लोक रडले. माहा माणूस खूश झाला. म्हणे, गुणानं आपलं नाव सांगतलं असन, आता आपल्याले भेव नाई." तिनं तोंडावरचा कोळसा पदरानं पुसला. "म्हून तो पळाला नाई, गुणा. लोक आले तवा दारातच उभा होता. म्हणे, गुणाबाईले विचारा."

गुणाबाई म्हणाली, "ताईनं नोको म्हटलं होतं."

"अन् तुनं आयकलं."

गुणाबाईनं पाटीतली सगळी मासोळी तिच्यापुढं धरली. बिबननं ती घेतली नाही. तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि ती बायांच्या मागं निघून गेली. नंतरच्या बाजारी गुणाबाईनं तिला शोधलं. खाणीवरच्या बाया म्हणाल्या, ती काम सोडून गेली, पोरींना घेऊन, कुठं ते सांगितलं नाही.

एकोणसाठ साली राजुरा तालुका चांदा जिल्ह्यात आला. दोन्ही थड्या एका जिल्ह्याच्या झाल्या. चिंचघाटच्या शाळेत नवा मास्तर आला होता, वर्ध्याकडचा, कोवळा मुलगा. त्याला पोरांकडून एक नाटुकलं बसवायचं होतं. तो गुणाबाईच्या झोपडीत आला आणि खाली मातीत बसला.

"आजी, फौज आली ते बरोबर झालं ना?"

तिला इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ती विचार करत बोलली.

"नसती आली तं आणखी गावं जळाली असती. डोळ्यानं पाह्यलं म्या, खोटं काऊन बोलू? आली तं मदार मेला. त्याच्यासारखे किती मेले, कोणं मोजले? मी म्हटलं होतं, धन्याले धरा. धरला का धनी? वरचा गादीवर बसला, खालचा निवडून आला. लढाई धन्यावर निघते, बापू, अन् पिंजाऱ्याच्या दारात येऊन थांबते."

"मग लढाई करू नये?"

"हेच तं मले समजत नाई. सासऱ्यालेबी नाई समजलं. नाई केली तंबी मरतो, केली तंबी मरतो."

"मी मुलांना काय सांगू?"

"इसरूचं सांग. अन् मदारचंबी सांग."

मास्तरानं सांगतो म्हटलं. तो मनापासून म्हणाला असावा.

नाटुकलं शाळेच्या पटांगणात झालं. अध्यक्ष देशमुख होते. दसरूला शाल दिली. पोरांनी नाका जाळला, डोंगा वल्हवला, इसरू छातीवर हात धरून पडला. मग खाकी घातलेलं एक पोरगं पिंजण खांद्यावर घेऊन आलं आणि त्यानं ढिवरवाड्याकडं बोट दाखवलं. बाकीच्या पोरांनी त्याला धरलं आणि लाकडी पेटीच्या विहिरीत ढकललं. टाळ्यांनी पटांगण दणाणलं. मास्तर कडेला उभा होता, त्यानं गुणाबाईकडं पाहायचं टाळलं.

ती उठली, पदर सावरला आणि बायांच्या रांगेतून वाट काढत बाहेर आली. कोणी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर ती त्या दिवसाबद्दल कोणाशीही बोलली नाही. कमळाचं लग्न पलीकडच्या थडीला झालं होतं. पुढं तिची लेकरं सुटीत येत, आजीच्या मांडीवर लोळत. एकदा थोरल्यानं विचारलं, "आजी, आजा कसा मेला?"

चूल फुंकता फुंकता गुणाबाई म्हणाली, "डोहात बुडला, बाप्पा. पोवाले येत होतं त्याले, तरी बुडला."